दीडपट

गाण्याची चाल ओळखीची होती, पण तिचे पाय जड झाले होते. दिवसभर कानाशी टिपटिप उड्या मारणारी ती चाल आता बंद दाराआडून सावकाश येत होती. भरली बादली घेऊन एखादी बाई जिना चढते, पायरीवर थांबते, दम खाते आणि मग पुढची पायरी घेते, तशी. त्यामुळे आधी बाईंना ती कळलीच नाही. हातात नुकताच धुतलेला ओला कप, कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी, आणि आपण हे कुठं ऐकलंय, कुठं बरं, अशी ती स्वयंपाकघर आणि लेकीची खोली यांच्या मधल्या अरुंद बोळात उभी राहिली. मग हसणं आलं. तीन मुलींचं. कपाचा कान तिच्या बोटातून निसटता निसटता राहिला. हे हसणं तिने आज दुपारीच नापास केलं होतं.

ऑफिसात तिला कात्री म्हणत. मागे नव्हे, तोंडावर. आणि तिलाही ते कुठंतरी आवडे. परदेशातून आलेल्या चित्रमालिका बघायच्या आणि आपल्या वाहिनीने त्या घ्याव्या की नाही ते सांगायचं, एवढंच तिचं काम. घ्या म्हटलं की पुढे भाषांतर, आवाज, गाणी, सगळं मांडव घातल्यासारखं सुरू होई. नको म्हटलं की फाइल बंद. टेबलावर मालिकांचा असा ढीग साचे की साध्या वेगाने बघत बसणं कुणालाच परवडलं नसतं. त्या खोलीत सगळेच दीडपट वेगाने बघत. पहिले काही दिवस कान किरकिरतात, मग सवय होते. माणसं तुरुतुरु चालतात, दारं फटाफट लागतात, रडणारं पोर डोळे पुसून लगेच हसायला लागतं. गोष्ट मात्र कळते. आणि ती कळली की बाईंचा अंगठा आपोआप कळीवर जाई आणि ओठातून तो एक प्रश्न निघे, ज्याच्यावर सगळं पास-नापास ठरे: मग पुढे?

या मालिकेत पुढे काही नव्हतं. अ‍ॅनिमे म्हणतात त्या जपानी जातीची. चार शाळकरी मुली, त्यांचं एक हवामान मंडळ, आणि शाळेची गच्ची. वारा कुठून येतो ते बघायचं, ढगांना नावं द्यायची, थर्मासमधला चहा प्यायचा. एका भागात त्यांचं खोडरबर हरवतं. ते सापडतं. एका भागात त्या पाऊस पडेल म्हणून छत्र्या घेऊन बसतात, आणि पडत नाही. मुलींचे डोळे बशीएवढे, नाकं टिंबाएवढी, केस निळे नि गुलाबी. कुणाला राग येत नाही, कुणाच्या कपाळावर पुटकुळी नाही. "या मुली कुणासाठी एवढ्या गोड केल्यात, साहेब?" दुपारी तिने विचारलं होतं. "त्यांच्या स्वतःसाठी नक्कीच नाहीत. कुणीतरी बघणारा समोर धरूनच त्यांना साखरेत घोळलंय. आणि यांना आया नाहीत. आई म्हणजे स्वयंपाकघरातून येणारा नुसता आवाज, 'जपून जा गं'. तोंडसुद्धा दाखवलेलं नाही बिचारीचं."

"म्हणजे नको?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "उद्या सकाळपर्यंत लेखी द्या म्हणजे झालं. पण मुलांना आवडेल असं नाही वाटत?"

"काहीच घडत नाही हो हिच्यात."

नमुन्याचा आवाज द्यायला बाळी आली होती. बाळी म्हणजे साठी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधून येणारी बाई. पण वाहिनीवरच्या यच्चयावत लहान मुली तिच्याच गळ्यात राहत. तिने दारातूनच गळा काढला होता, "अगं कात्रे, मला वाक्यं कुठं आहेत यात? पानभर नुसते श्वास लिहून ठेवलेत मेल्यांनी! 'अं' आहे, 'हं' आहे, एका ठिकाणी 'नाकाने हसते' आहे. आता या वयात नाकाने हसायला शिकू होय मी?" आणि मग काचेपलीकडे उभं राहून, पट्ट्यावर एक हात दाबत, तिने नाकाने असं काही हसून दाखवलं की साहेबसुद्धा पाठ फिरवून खोकले. जाताना मात्र बाईंच्या खुर्चीपाशी थांबून म्हणाली, "ती चौथी पोर आहे ना, कमी बोलणारी, तिचे श्वास मोठे छान घेतलेत गं. तू ऐकलेस?"

"ऐकले की."

"दीडपटीत?" बाळी म्हणाली, आणि उत्तराला न थांबता लंगडत निघून गेली.

आता तीच चौथी पोर लेकीच्या खोलीत होती. आणि खोलीला कडी नव्हती.

कडी बाईंनीच काढली होती. लेक अंघोळीला गेली असताना, स्क्रूड्रायव्हर पदराआड धरून, स्वतःच्याच घरात चोरासारखी. स्क्रू जुने होते, फिरताना किंचाळत होते, आणि नळाचं पाणी थांबायच्या आत शेवटचा निघेल की नाही या धसक्याने तिचा जीव नुसता मुठीत आला होता. का काढली, हे तिने नवऱ्यालाही शब्दांत सांगितलं नाही. काही भीती अशा असतात की त्यांचं नाव घेतलं तर त्या ऐकून आत येतील असं वाटतं. नवऱ्याने दारावरची चार रिकामी भोकं पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. तो चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासतो. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे बघून आला तरी घरी जेवायला बसला की आधी लेकीचे डोळे बघतो. "आज सुजलेले नाहीत," एवढंच हळूच सांगतो, आणि मग दोघांच्या घशाखाली घास उतरतो.  त्या दिवसापासून लेक दार लावून आतून खुर्ची टेकवते. खुर्चीचा फरशीवरचा तो खर्रर्र आवाज बाईंच्या दिवसातला सर्वांत ओळखीचा आवाज झालाय. तो आला की धस्स होतं, आणि नाही आला की त्याहून जास्त.

लेक परत आली, असं लोक म्हणत. शेजारीण म्हणाली, "परत आली का गं तुमची?" आणि त्या 'परत'मध्ये केवढा दगड बांधलेला होता. शिकायला लांबच्या शहरात गेली होती, वसतिगृहात, एका खोलीत चौघीजणी. वर्ष अर्धं राहिलेलं असताना एक दिवस पिशवी घेऊन दारात उभी. वाळली नव्हती, आजारी नव्हती. हसत नव्हती एवढंच. त्या संध्याकाळी बाईंनी तिच्यासमोर चहा ठेवला, आणि लेक कपाच्या कडेवरून बोट फिरवत, खूप वेळाने, आपण होऊन बोलली होती. ते तिचं पहिलं आणि शेवटचं बोलणं.

"त्या तिघी हसत असायच्या, आई. आणि मी दार उघडलं की थांबायच्या."

आणि बाई म्हणाल्या होत्या, "मग? पुढे काय झालं?"

लेकीचं बोट कपावर थांबलं. "पुढे काही नाही."

"काही नाही कसं? काहीतरी झालं असेल ना? कुणी काही बोललं? कुणी हात लावला? सांग मला. मग पुढे?"

"काही नाही झालं," लेक म्हणाली, आणि उठून गेली. चहा तसाच राहिला. त्याच्यावर साय धरली. तेव्हापासून बाईंच्या मनाने त्या 'काही नाही'च्या पोटात काय काय कोंबलं होतं! एक मुलगा आणला, मग मास्तर आणला, मग चोरीचा आळ आणला, मग त्याहून भयंकर गोष्टी, ज्या रस्त्यावरून चालताना अचानक आठवत आणि ती भर गर्दीत उभी राहून कुणाच्या तरी शिव्या खाई. एवढी हसरी पोर उगाच का गप्प होते? काहीतरी घडल्याशिवाय? तिच्या धंद्यात तरी असं होत नाही. एवढ्या मोठ्या शेवटाला तेवढंच मोठं कारण लागतं, नाहीतर गोष्ट नापास. म्हणून ती रोज विचारत राहिली, फक्त प्रश्न बदलून. पुढे काय ठरवलंस. पुढच्या वर्षी जाणारेस का. पुढे असंच बसून राहायचंय का. लेक ऐके, मान हलवी, आणि खुर्ची: खर्रर्र.

आत चाल संपली आणि परत सुरू झाली.

बाईंनी कप भिंतीतल्या फळीवर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून आधी तळाची एक कड टेकवली, मग दुसरी. परत तीच चाल, तोच तुकडा. हसणं, मग कसलीशी करकर, मग चाल. मग एक टक आवाज, लेकीच्या बोटाचा, आणि परत हसणं. परत करकर.  एखाद्या यंत्राची सुई अडकावी तशी आपली पोर कुठंतरी अडकलीय, असं तिला वाटलं. विशीतली मुलगी, दार लावून, पोरीसोरींच्या चित्रातला तो एकच तुकडा परत परत बघतेय. हे कुणाला सांगितलं तर कुणी काय म्हणेल? डॉक्टर काय म्हणेल? आपणच काय म्हटलं होतं? साखरेत घोळलेल्या मुली. आणि परवा जेवताना, तोंड पुसल्यासारखं सहज, नवऱ्याला सांगताना लेकीच्या देखत आपण म्हणालो नव्हतो का, "अशा मुली असतात तरी का कुठं? सगळं खोटं. गाठोडंभर गोडवा, आत काही नाही"? लेक तेव्हा पावाचा तुकडा मोडत होती. तो तिने मोडून मोडून पार चुरा केला होता, आणि चुरा बोटाने गोळा करून ताटाच्या कडेला लावून ठेवला होता.

परत. टक. परत.

लहानपणीही ही अशीच. गोष्ट सांगायला बसलं की इतर पोरं 'मग?' म्हणतात, ही म्हणायची 'परत'. ससा बिळातून डोकं काढून इकडेतिकडे बघतो, एवढ्यावरच ती अडून बसे. "परत काढ डोकं." ससा परत डोकं काढी. कोल्हा बिचारा झुडपाआड थांबून थांबून म्हातारा होई, त्याची पाळीच येत नसे. नवरा खोखो हसे. "आपल्या घरात एक पुढेबाई आणि एक परतबाई," म्हणे, "मध्ये मी उभा, रहदारीच्या पोलिसासारखा." तेव्हा बाईंनाही हसू येई, पण वैतागही येई, कामं पडलेली असत, गोष्ट संपली तर पोर झोपेल, पोर झोपली तर भांडी होतील. मग ती हळूच वेग वाढवी. ससा, कोल्हा, विहीर, संपलं. आता तिच्या मनात आलं, आपण तेव्हाच दीडपटीला सुरुवात केली होती की काय! आणि तिच्या स्वतःच्या आईने? आई शर्टांची काजं करायची, खिडकीशी बसून, कामाच्या थप्पीत बुडालेली, आणि एकच ओळ गुणगुणायची. बस गं बाई उंबऱ्याशी, वारा येऊ दे घरात. सुई आत, सुई बाहेर, बस गं बाई उंबऱ्याशी. पुढची ओळ कधी आलीच नाही. "पुढे काय आहे गं, आई?" तिने लहानपणी विचारलं होतं. आईने दाताने दोरा तोडला. "पुढे कशाला हवंय? वारा येतोय की," असं म्हणाली, आणि पुढचं काज घेतलं. त्या वेळी वाटलं होतं, आईला येत नसेल.

बाई खाली बसल्या. पाय भरून आले म्हणून, की त्या ओळीमुळे, कोण जाणे. पण लेकीच्या दाराशी, उंबऱ्याला पाठ लावून, गार फरशीवर त्या बसल्या आणि पहिल्यांदाच काही न ठरवता ऐकू लागल्या. टक. तिघींचं हसणं. एक बारीक, एक घोगरं, एक नाकातलं. बाळीचं नाक आठवलं. मग करकर. ही करकर काय होती? दीडपटीत ती नुसती 'कर्' होती, पाय घासल्यासारखी. आता ती लांब होती, गंजलेली, भीतभीत उघडणारी. दार. गच्चीचं दार. कुणीतरी दार उघडतंय, थोडंच, आणि थांबलंय. तो श्वास. घेतलेला आणि आत धरून ठेवलेला. चौथी पोर. कमी बोलणारी.

बाईंनीही श्वास धरला. आता थांबेल. आता हसणं थांबेल, असं त्यांच्या छातीत कुणीतरी घण घालत सांगत होतं, आता थांबेल, आणि त्या थांबण्याची त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

हसणं थांबलं नाही. ते तसंच चालू राहिलं, उलट त्यात जरा धांदल मिसळली, तिघींत चौथी जागा केल्यासारखी सरकासरक, थर्मासचं झाकण, कुणीतरी हसता हसताच म्हणालं, "ये ना, बस." आणि धरलेला श्वास सुटला. एवढंच. मग चाल. मग टक.

त्या तिघी हसत असायच्या, आई. आणि मी दार उघडलं की थांबायच्या.

एवढंच होतं. पोरीने सगळं सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, अख्खी गोष्ट, एका वाक्यात. त्याच्या पुढे खरंच काही नव्हतं. रोज एक दार उघडायचं आणि रोज एक हसणं थांबायचं. सकाळी, जेवणानंतर, दिवे मालवायच्या आधी. त्यात मारहाण नव्हती, मास्तर नव्हता, काही म्हणता काही घडत नव्हतं. बाईंनी तोंडावर पदर दाबला. हुंदका बाहेर पडला तर आतला आवाज बंद होईल, आणि मग आपणही तेच केलं असं होईल, एवढंच त्यांना कळत होतं.

तरी काहीतरी ऐकू गेलं असावं. आतलं हसणं मध्येच तुटलं.

"आई?"

बाईंनी पदराने डोळे टिपले.

"आई, तू बाहेर बसलीयेस का?"

"हो," बाई म्हणाल्या. मग उठून, साडी झटकून, दारावर टकटक केली.

"कडी तर तूच काढलीस," आतून आवाज आला, "आता वाजवतेस कशाला?" पण त्या आवाजाला धार नव्हती, नुसता थकवा होता. आणि मग खुर्ची: खर्रर्र. पहिल्यांदाच आईसाठी, उलट्या दिशेने.

खोलीत अंधारासारखं काही नव्हतं. खिडकीतून संध्याकाळचा उजेड पलंगावर आडवा पडला होता. लेक पलंगाला टेकून खाली बसली होती, मांडीवर लॅपटॉप, पायात वेगवेगळ्या रंगांचे मोजे. पडद्यावर ती चौथी पोर, दारात, एक पाय उचललेला, तशीच थांबवलेली. बशीएवढे डोळे. बाईंना वाटलं आता काहीतरी बोलायला हवं, मोठं, पुरेसं. पण घशाशी जे जे आलं त्याच्या टोकाला तो एक शब्द लटकलेलाच होता. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि लेकीशेजारी जाऊन बसल्या. गुडघे कटकन वाजले.

"बघून झालंय तुझं हे," लेक पडद्याकडे बघत म्हणाली. "ऑफिसात. परवा बाबांना सांगत होतीस. नापास ना?"

"लेखी अजून दिलं नाही."

"म्हणजे नापासच." तिने मोज्याचा दोरा ओढला. "मला माहितीये अशा मुली नसतात, आई. मी काही बावळट नाही. राहून आलेय मी मुलींत."

"हं," बाई म्हणाल्या. आणि मग, आवाज सांभाळत, "दाखव."

"काही घडत नाही त्यात."

"माहितीये. दाखव."

लेकीने तिच्याकडे तिरकं पाहिलं. संशयाने, एखाद्या परीक्षकाकडे बघावं तसं. मग कळ दाबली. हसणं, करकर, श्वास. बाईंचा अंगठा मांडीवर आपोआप हलला, सवयीने, कळ शोधत. त्यांनी तो दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवला. पडद्यावरच्या तिघी सरकल्या. चौथीने पाय आत टाकला. तुकडा संपला, आणि लेकीचं बोट थांबलं. ती वाट बघत होती. खोलीतली सगळी हवा वाट बघत होती, तो प्रश्न येणार म्हणून. बाईंच्या जिभेवर तो आलाच होता, पहिलं अक्षर ओठांनी धरलंही होतं.

"प..." त्या म्हणाल्या, आणि अडखळल्या. "परत लाव."

 लेकीचं बोट कळीवर जरा उशिरा गेलं. परत लागलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्या नाकातल्या हसण्यापाशी बाईंना राहवेना. "हे जे नाकाने हसतंय ना," त्या म्हणाल्या, "ते आपल्याकडे कोण करणार होतं, माहितीये? साठी उलटलेली बाई. गुडघ्याला पट्टा."

"ए, काहीही!"

"अगं खरंच. काचेआड उभी राहून, पट्ट्यावर हात दाबून अशी..." आणि बाईंनी, ज्यांनी आयुष्यात कधी कुणाची नक्कल केली नव्हती, नाकाने हसायचा प्रयत्न केला. ते हसणं झालं नाही. वाटेत कुठंतरी रडणं होतं, ते मध्ये आलं, आणि नाकातून असा काही भोंगा निघाला की लेक दचकली, तिने तोंडावर हात घेतला. हसत होती. आवाज अजून आला नव्हता, खांदेच हलत होते. मग आवाजही आला. बारीक, गंजलेला, करकरत उघडणारा.

"आई, डुकरासारखं करतेस!"

"मग तू करून दाखव, परतबाई."

"आणि डोळे किती मोठे आहेत ना यांचे? तेवढं मात्र तू म्हणतेस तसं खोटं आहे हं."

"बशीएवढे! झोपताना मिटत तरी असतील का?"

बाहेर किल्ली वाजली. चपला काढल्याचा आवाज. पावलं बोळात आली आणि दाराशी थबकली, खुर्ची नसलेल्या, कडी नसलेल्या दाराशी. बाईंनी ते ऐकलं, लेकीनेही ऐकलं, हे बाईंना तिच्या खांद्यावरून कळलं. तो खांदा एकदम ताठ झाला. दार हळूच ढकललं गेलं. फटीत नवरा, हातात पिशवी, आणि त्याने आत धरून ठेवलेला श्वास.

आता थांबेल, बाईंना वाटलं. त्यांनी मुठीतला अंगठा आणखी घट्ट आवळला. उद्या साहेबांना काय लिहून द्यायचं ते त्यांना सुचलेलं नव्हतं, कडीचे चार स्क्रू कुठल्या डब्यात टाकलेत तेही आठवत नव्हतं. कान तेवढे त्या एका आवाजाला चिकटले होते. थांबेल, आता, आत्ता.

लेकीने डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसलं. वडिलांकडे बघत, हसतच, ती जराशी सरकली.